अनुक्रमांक सतरा

तारीख पडली. पुढची, बावीसची.
बेलापूर कोर्टाबाहेर ऊन डांबरावर ठाण मांडून,
आणि दिवाळ्याची बस पाऊण तासाने.
थोरला जोमा एका झाडाखाली, कमळू दुसऱ्या,
मधे मी,
हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी झालेली बहीण,
दोघांच्याही यादीत साक्षीदार.
म्हटलं, समोर संग्रहालय आहे, पंखे असतील.
तिकीट पाच रुपये. तिघांचं मी काढलं.

जुन्या शाळेच्या दोन खोल्या.
फळ्याच्या खिळ्यांची भोकं अजून भिंतीत.
त्यावर खाडीचा नकाशा,
चार शायांनी चार वेळा आखलेली हद्द:
सिद्दीची, फिरंग्याची, पेशव्याची, साहेबाची.
पाणी चारही वेळा तेच.
आमचं गाव शोधलं.
जिथे असायला हवं होतं
तिथे कागदाची घडी पडून भोक झालेलं.

डायस साहेब मिठाच्या खात्यातून रिटायर झालेले,
काठीने तक्ते दाखवत, बसल्या जागेवरून.
हे जंबुरे. ही जकातीची चौकी,
इथे पलीकडच्या मिठाला इकडे दंड होता.
मग तिकडे पुण्यात काका-पुतण्यांचं फाटलं,
काकाने परक्याकडे मदत मागितली,
बदल्यात साष्टी लिहून दिली, वसई लिहून दिली.
"घरातला वाद," डायस साहेब म्हणाले,
"आणि लिहून दिलं कुणाचं? तर आपलं."
माझे दोघे भाऊ एकाच वेळी
पंख्याकडे बघू लागले.

अकरा वर्षं.
साडेबारा टक्क्यांचा एक भूखंड,
त्यावर एकाची भिंत, दुसऱ्याचा स्टे.
वकिलांची पोरं तेवढ्यात डॉक्टर झाली.
वाटणीच्या यादीत तांब्याची पातेली, होडीचं वल्हं,
आणि अनुक्रमांक सतरा:
लोखंडी गोळा, नग एक.
जोमा म्हणतो कमळूने विकला,
कमळू म्हणतो जोमाने लपवला.
किती उलटतपासण्या झाल्या त्या गोळ्यावर!
आई सुकटीच्या माठावर ठेवायची तो, मांजरासाठी.

तर शेवटच्या कपाटात, काचेआड,
मखमलीच्या तुकड्यावर
तो बसलेला.
माठाच्या कडेने पडलेला पांढरा वळ तसाच.
खाली चिठ्ठी, डायस साहेबांच्या तिरक्या अक्षरात:
तोफेचा गोळा. मिठागरात सापडला.
देणगी: कै. हसुराम पदू म्हात्रे.

आधी जोमा वाकला. मग कमळू.
दोघांच्या श्वासाने काच एकाच जागी धुरकटली.
मी मागे उभी.
बाबांच्या तेराव्यानंतर
मच्छीच्या पिशवीत घालून, रिक्षाने,
मांडीवर घेऊन,
मीच आणून दिला होता तो.
वाटलं होतं, एक तरी वस्तू भांडणातून सुटेल.
पावती अजून माझ्या पाकिटात आहे.
कोर्टाने मला कधी विचारलंच नाही.

बराच वेळ फक्त पंखा.
मग जोमा, काचेला म्हणावं तसं:
"मिठागरान नाय. खाजनान."
कमळूने मान वर न करता:
"बांदावर. मी व्हतो बाबाबरोबर."
"तू तवा रांगत व्हतास."
"रांगत व्हतो तर आठवतं कसं?"
अकरा वर्षांतलं त्यांचं पहिलं बोलणं,
तेही वकिलाशिवाय.

डायस साहेब चष्मा कपाळावर सरकवून आले,
खिशातून पेन काढून म्हणाले,
"नक्की काय ते ठरवा, मी तसं लिहितो."
दोघे गप्प.
बस गेल्याचा आवाज आला. कुणी हललं नाही.

वहीत सह्या करायच्या होत्या.
नाव, गाव, अभिप्राय.
जोमाने लिहिलं, जोमा हसुराम म्हात्रे, दिवाळे.
कमळूने त्याखाली नाव लिहिलं,
आणि गावाच्या रकान्यात
फक्त वरच्यासारखंच याची दोन टिंबं काढली.

अभिप्राय मी लिहिला:
काच पुसायला हवी.